कोऱ्या चहाचं कारण

ठाणे,
१० ऑगस्ट १९५३

चि. सौ. वासंतीस उत्तराचे आशीर्वाद.

खुशाली विचारायला हे पत्र लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकते. काल प्रभाकर आला होता. माझा धाकटा भाऊ, मी कडेवर घेऊन वाढवलेला. त्याचं काहीतरी बिनसलंय हे मला त्याच्या तोंडाकडे बघून कळतं. आल्याबरोबर चहा टाकला तर म्हणाला, "ताई, मला कोराच दे." मी म्हटलं, अरे, दूध नासलेलं नाही, आत्ता आपल्या चंपीची धार काढलीय. तरी कोराच. जेवताना भातावर तूप वाढायला गेले, तर ताटावर हात आडवा. ताकाची वाटी ठेवली तिथंच राहिली. आणि पायात काय, तर कवायतीच्या मास्तरांसारखे कॅनव्हासचे बूट! गेल्या दिवाळीला मी त्याला कोल्हापुरी वहाणा घेऊन दिल्या होत्या. त्या कुठं आहेत विचारलं, तर "आहेत" म्हणाला आणि उठून खिडकीपाशी गेला.

दूध, ताक, तूप आणि वहाणा. यांचा एकमेकांशी संबंध काय ते मला कळत नाही. पण काहीतरी आहे आणि ते तुला ठाऊक आहे. माघात तुमच्यावर जो प्रसंग आला तो माझ्याच घरात आला. पहिलं बाळ, आणि बारसंसुद्धा झालं नाही. ते विसरा असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? पण त्या दुःखात त्यानं भलतंसलतं डोक्यात घेतलं असेल तर वेळीच कळलेलं बरं. डोंबिवलीत हल्ली नवे नवे बुवा उतरतात आणि नोकरदार माणसांना काय काय सोडायला लावतात, हे मी ऐकून आहे. आज दूध सोडायला लावतील, उद्या संसार.

उलट टपाली लिही. आडपडदा नको.

तुझी
उत्तरा


डोंबिवली,
१४ ऑगस्ट १९५३

ती. सौ. वन्सं यांस वासंतीचा नमस्कार.

तुमचं पत्र दुपारी आलं आणि मी आधी हसले. तुमच्या भावाला कुठला बुवा गाठणार? घरी येऊन सत्यनारायणाचा प्रसाद घ्या म्हटलं तरी हे वर्तमानपत्रातून डोकं वर काढत नाहीत.

यांनी चातुर्मासाचा नेम धरलाय, एवढंच. कुणी कांदालसूण सोडतं, कुणी वांगं. यांनी गाईम्हशीचं दूध आणि दुधापासून होणारं सगळं सोडलं. चामडंही त्यातच आलं. सासूबाईंनी एका चातुर्मासात पायात काही घालणंच सोडलं होतं, असं तुम्हीच मला सांगितलं होतंत. त्यांचाच मुलगा. मग मी एकटीपुरतं पातेलं कशाला विसळत बसू? मीही तेच जेवते.

जेवणाचं काही अडत नाही. नारळ खवून पिळला की सोलकढी होते. खोबऱ्याचं दूध घालून भात केला तर तूप आठवतही नाही. सकाळच्या नाचणीच्या आंबिलीला पूर्वी ताक लागायचं, आता मी चिंचेचा कोळ घालते. नुसता चहा जमत नव्हता. पहिले काही दिवस आम्ही दोघं तो काढ्यासारखा नाक मुरडून प्यायचो. मग आलं आणि गवती चहा घालून बघितलं. आता दुधाचा चहा म्हणजे काय होतं तेच आठवावं लागतं.

कार्तिकी झाली की बघू.

चंपी कशी आहे? काळुरामच येतो का अजून बाळकुमहून धार काढायला?

आपली
वासंती


ठाणे,
२९ नोव्हेंबर १९५३

चि. सौ. वासंतीस अनेक आशीर्वाद.

गोड बातमी मला प्रभाकरनं कळवली, तू नाहीस. लाजली असशील म्हणून सोडून देते. देवाजवळ रोज एक जास्तीची वात लावते आहे.

पण आता कामाचं बोलते. कार्तिकी होऊन दिवस झाले. मी तुझं ऑगस्टमधलं पत्र ट्रंकेतून काढून पुन्हा वाचलं. तू 'कार्तिकीनंतर घेऊ' असं कुठंच लिहिलेलं नाहीस. तू लिहिलंयस 'बघू'. तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. आता आलं.

माझ्या शाळेतल्या मैत्रीण विमलाबाई तुमच्या पलीकडच्याच आळीत राहतात. त्यांच्याबरोबर मी साजूक तुपाचा डबा आणि रव्याचे लाडू पाठवले होते. दिवस गेलेल्या बाईच्या पोटात जावेत म्हणून मी स्वतः रवा भाजला. विमलाबाई परवा तुमच्याकडे सहज डोकावल्या, तर लाडू तुमच्या गॅलरीतली शेजारची पोरं खात होती. तुपाचा डबा कुठं दिसला नाही. देवापुढे दुधाची वाटी नाही, गूळखोबरं. त्यांना तू कोरा चहा दिलास आणि वर विचारलंस, "बरा झालाय ना?" लग्नातली रेशमी साडी नेसत नाहीस का असं त्यांनी विचारल्यावर तू विषय बदललास म्हणे. आता रेशमी साडीत कुठलं दूध असतं?

आणखी एक. त्या वनस्पती तुपाचा डबा तर घरात आणला नाहीस ना? नसेल तर चांगलंच. पण मग तुम्ही दोघं खाता तरी काय?

हे नेमाचं प्रकरण नाही. नेम करणारी माणसं चारचौघांत सांगतात. तुम्ही लपवता आहात. मागच्या वेळी दैवानं दिलं आणि नेलं. या वेळी मी डोळे मिटून बसणार नाही. पोटातल्या जिवाला दूध मिळालं नाही तर तो कशावर वाढणार? मला खरं सांग, प्रभाकर तुला दूध घेऊ देत नाही का? तसं असेल तर त्याचे कान मी उपटीन. तो कितीही मोठा झाला तरी.

तुझी
उत्तरा


डोंबिवली,
६ डिसेंबर १९५३

ती. सौ. वन्सं यांस वासंतीचा नमस्कार.

विमलाबाई सुपारी कातरत बसल्या होत्या तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्या करमत नाही म्हणून आल्यात. त्या देवघरापासून ट्रंकेपर्यंत पाहणी करत होत्या हे आत्ता कळलं. पुढच्या वेळी त्यांना सांगा, ओट्याखालचा डबाही उघडून बघा. त्यात तीळ आहेत.

लाडू मी मुलांना दिले हे खरं. तुम्ही स्वतः रवा भाजलात हे वाचून मला वाईट वाटलं, तेही खरं. तूप खालच्या मजल्यावरच्या गोदूबाईंना दिलं, त्यांचा नातू पायानं अधू आहे. पण तुम्ही ते का पाठवता हे मला समजतं, आणि मी का घेत नाही हे तुम्हाला समजत नाही. म्हणून हे असं होतं.

दुधाचा वासच मला हल्ली सहन होत नाही. डोहाळेच म्हणा. यांना सवय होऊन गेलीय. कल्याणच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनीही आधी दूध घ्या असंच सांगितलं. घेत नाही म्हटल्यावर चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले, आणि मग नाचणी, तीळ, डाळी, पालेभाजी, शेंगदाणे असं सगळं नीट सांगितलं. वजन बरोबर आहे म्हणाले. वनस्पती तूप घरात नाही. शेंगदाण्याचं तेल आहे, त्याला कुणी नावं ठेवणार नाही असं समजते.

साडीचं म्हणाल तर रेशमाचे किडे कोशासकट उकळत्या पाण्यात टाकतात, हे मला यांनी वाचून दाखवलं. तेव्हापासून ती नेसवत नाही. एक गोष्ट कुठून आली हे विचारलं की दुसरी विचारल्याशिवाय राहवत नाही. मधाची बाटलीही मग तशीच गेली. तुम्हाला हे हास्यास्पद वाटेल. मलाही कधी कधी वाटतं.

आता मी एक विचारते. मी दूध पिते की नाही याची तुम्हाला इतकी काळजी का लागली आहे? नुसती माझ्या तब्येतीसाठीच ना?

आपली
वासंती


ठाणे,
१७ जानेवारी १९५४

वासंतीस आशीर्वाद.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचा मी बरेच दिवस विचार केला. असा प्रश्न सरळ मनाची बाई विचारत नाही.

मी प्रभाकरला त्याच्या कचेरीच्या पत्त्यावर लिहिलं, तुला न कळू देता. लपवत नाही, कारण आता लपवण्यासारखं तुझ्या बाजूला जास्त आहे. त्याचं कार्ड आलं. त्यात इतकंच आहे: "ताई, हे मी सुरू केलेलं नाही. वासंतीला विचार. ती सांगणार नसेल तर मलाही विचारू नकोस." माझ्या भावानं आजवर मला असं तोडून लिहिलेलं नाही.

म्हणजे नेम त्याचा नव्हता. तू सुरू केलंस आणि त्याच्या नावावर खपवलंस. का? पुरुषानं सोडलं तर व्रत आणि बाईनं सोडलं तर खूळ, असं मी म्हणेन म्हणून? कदाचित म्हटलं असतं. पण निदान तेव्हाच कळलं असतं. आणि डोहाळेही खोटे. डोहाळे लागल्यावर कुणी नवऱ्याच्या वहाणा बंद करत नाही.

आता मनात येतं ते लिहिते, तुला राग आला तरी. या मुलाबद्दल तुला काही वाटत नाही का? एक गेलं म्हणून दुसऱ्यावर जीव लावायचा नाही, त्याच्यासाठी काही खायचं नाही, काही करायचं नाही, असं तर तू ठरवलं नाहीस? माझ्या मनात याहूनही वाईट येतं, ते कागदावर उतरवत नाही.

तुझ्या माहेरी साताऱ्याला एकटे वडील, तेही आजारी. बाळंतपण ठाण्यालाच होणार हे उघड आहे, आणि मी ते आनंदानं करीन. पण माझी अट आहे. मार्चमध्येच इकडे यायचं, आणि सकाळ-संध्याकाळ माझ्या डोळ्यांदेखत पेलाभर दूध घ्यायचं. ते जमणार नसेल तर माझ्या दारात येऊ नकोस. दुसऱ्यांदा मी ते बघू शकत नाही, वासंती. खरंच नाही.

उत्तरा


डोंबिवली,
२५ जानेवारी १९५४

ती. सौ. वन्सं यांस वासंतीचा नमस्कार.

तुम्ही दार बंद केलंत म्हणून आता सगळं लिहिते. ते बंद राहावं असं मला वाटत नाही. मला तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

माघात मी तुमच्याकडे होते तेव्हाचं हे आहे. मागच्या खोलीत माझी खाट होती आणि खिडकी गोठ्याकडे उघडायची. माझ्या आधी थोडेच दिवस चंपी व्याली होती. तिला रेडा झाला होता. मी खिडकीतून बघायची, तो दावं ताणून आईकडे जायला धडपडायचा. एकदा तुम्ही काळुरामला सांगत होतात ते मी ऐकलं. "घरात बाळंतीण आहे. त्याला आता सडाला लावू नकोस, सगळं दूध घरात येऊ दे." काळुराम म्हणाला, "वैनीबाय, रेडा हाय, तो काय जगाचा नाय तसाबी." तुम्ही माझ्यासाठीच सांगत होतात, हे मला तेव्हाही कळत होतं. मी पेला रिकामा करत होते. रेडकू आधी उभं राहीना झालं आणि मग एक दिवस दिसलंच नाही.

मग मला ताप भरला. तापात मी काय बोलले, काय नाही, आठवत नाही. पण एक आठवतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. खिडकीला तुम्ही चादर लावली होतीत. अंधारात तुम्ही बाळ आणून माझ्या कुशीत दिलंत आणि म्हणालात, "घे, पाज. छातीत गाठी होतील." मी त्याला जवळ घेतलं. वन्सं, माझ्या बाळात ओढायची ताकदच नव्हती. ते दोनदा ओढायचं आणि दमून झोपायचं. हे ओढत होतं. दोन महिन्यांचं धडधाकट पोर जसं ओढतं, तसं. त्याच्या टाळूला खोबरेल तेलाचा वास होता आणि आपल्या घरात तिळाचं तेल वापरतात.

ते मालनचं बाळ होतं. तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मालनचं. मला त्याच क्षणी कळलं, आणि माझं बाळ गेलं हेही कळलं.

मी काही बोलले नाही. का, ते विचारू नका. पान्हा फुटला होता. पोर पोटभर पीत होतं आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. दोन-तीन दिवस तुम्ही त्याला आणून देत होतात, आणि मी दर वेळी "आलं माझं सोनं" म्हणत होते. तुम्हाला वाटायचं मी फसलेय. ताप उतरल्यावर यांनी जवळ बसून सांगितलं तेव्हा मी रडले. सगळ्यांना वाटलं, हिला आत्ता कळलं.

त्याच दिवसांतली एक दुपार. मी उठून चादर बाजूला केली. चंपी पान्हा चोरत होती, म्हणून काळुरामनं मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून, वर मीठ चोळून ते तिच्यापुढे उभं केलं होतं. चंपी ते चाटत होती आणि तो खाली बसून धार काढत होता. म्हशीला काय कळतंय, असं तो कुणाला तरी हसत सांगत होता. मला तसं वाटलं नाही. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते. तिला कळत होतं. मला जसं कळत होतं तसंच. पान्हा तरीही फुटतो.

आणि थोड्या वेळानं तुम्ही ते दूध साखर घालून माझ्यापुढे आणलंत.

तेव्हापासून माझ्या घशाखाली दूध उतरत नाही. इथं परत आल्यावर घ्यायची आणि मोरीत जाऊन ओकायची. यांना मी आषाढात सांगितलं. दूध, मालन, सगळंच. यांनाही ठाऊक होतं की मला फसवलं जातंय, हे तेव्हा दाराबाहेर बसलेले होते. माझं ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "मलाही कोराच दे." पुढचं सगळं यांनीच वाढवलं. चामडं कुणाचं, रेशीम कशाचं, हे प्रश्न यांचे. दूध माझं.

या बाळावर माझा जीव नाही असं तुम्ही लिहिलंत. रात्री कूस बदलताना मी त्याला "जरा सरक बाळा" म्हणते. आणखी काय सांगू?

मी तुमच्याकडे यायला तयार आहे. दूध घेणार नाही. आणि माझीही एक अट आहे. चांगलं असो, वाईट असो, जे होईल ते मला त्याच क्षणी सांगायचं. तापात असले तरी. मरायला टेकले असले तरी. माझ्या कुशीत पुन्हा काही ठेवायचं नाही.

हे जमत नसेल तर मी ठाण्याच्या इस्पितळात नाव घालीन आणि तुम्हाला बोलावणार नाही.

आपली
वासंती


ठाणे,
२ मार्च १९५४

चि. सौ. वासंतीस आशीर्वाद.

तुझं पत्र घडी करून डब्यात ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. म्हणून इतके दिवस गेले. तू इस्पितळात नाव घातलं असशील अशी भीती रोज वाटत होती, तरी लिहायला हात उचलत नव्हता.

मी माफी मागणारं पत्र लिहायला बसले होते, पण ते खोटं झालं असतं. तुझा ताप उतरत नव्हता. छाती दगडासारखी झाली होती. डॉक्टर म्हणाले, धक्का बसला तर ही राहणार नाही. प्रभाकर दाराशी मान खाली घालून बसला होता. मी मालनच्या पाया पडले. तिच्या पोराला माझ्या हातानं आंघोळ घातली, आणि मी, जी नळाच्या पाण्यालाही सोवळं विचारते, ती त्याला पदराखाली धरून घरात घेऊन आले. तू वाचलीस. म्हणून मी चुकले असं मला म्हणवत नाही. पण तू त्या अंधारात सगळं ओळखून "आलं माझं सोनं" म्हणत होतीस, हे वाचल्यापासून मला जेवण गोड लागलेलं नाही. मी तुला वाचवते आहे असं मला वाटत होतं, आणि तू मला सांभाळून घेत होतीस.

काळजी नुसती तुझ्या तब्येतीची नव्हती, तुझा संशय बरोबर होता. तू दूध नको म्हटलंस की माझ्या मनात एकच यायचं: हिला कळलं तर नाही? हिला मालननं सांगितलं तर नाही? म्हणून मी पुन्हा पुन्हा डबे पाठवत होते. तू घेतलंस म्हणजे तुला काही ठाऊक नाही, असं मला समजायचं होतं.

रेडकाबद्दल मात्र काय लिहू ते कळत नाही. मेलेल्या रेडकाचं असंच करतात. आमच्या आईच्या वेळी करत होते, मीही बघत आले. त्यात काही बघण्यासारखं आहे हेच मला कधी दिसलं नाही. परवा काळुराम धार काढत असताना मी पहिल्यांदा गोठ्यात शेवटपर्यंत उभी राहिले. जास्त सांगत नाही. आमच्या घरात दूध चालू आहे, मी चहा दुधाचाच पिते. माझं वय झालंय आणि तुझ्यासारखा हट्टही मला जमायचा नाही. पण तुझ्यासाठी नवं पातेलं आणलंय, त्याला दुधाचा थेंब लागलेला नाही. नारळवाल्याला सांगून ठेवलंय.

तुझी अट मला कबूल आहे. दूध सोडणं त्या मानानं सोपं असेल. लहानपणापासून घरातली वाईट बातमी मीच दारात अडवत आले, आईपासून, भावांपासून, यांच्यापासून. तेच मला येतं. तरी कबूल. ये.

उत्तरा


डोंबिवली,
७ मार्च १९५४

ती. सौ. वन्सं यांस नमस्कार.

येत्या रविवारी हे मला घेऊन येतील. इस्पितळात नाव घातलेलं नाही. मी तुमच्या पत्राची वाट बघत होते.

आता स्पष्ट विचारते, रागावू नका. आमटीत गुपचूप तुपाची फोडणी पडणार नाही ना? पुरणात दूध? "एवढ्यानं काय होतंय" असं म्हणून? तुमचा हात मला ठाऊक आहे, आणि तुमचं प्रेमही. मला दोन्हीची भीती वाटते. विश्वास ठेवायचं ठरवलंय, पण ठरवलं म्हणून तो लगेच बसत नाही. मी ताट हुंगून बघितलं तर मनाला लावून घेऊ नका.

मालन अजून येते का? तिचा मुलगा आता चालायला लागला असेल. मला त्याला एकदा उजेडात बघायचं आहे.

आपली
वासंती


ठाणे,
४ मे १९५४

चि. प्रभाकरास अनेक आशीर्वाद.

दोघी सुखरूप आहेत, हे आधी वाच आणि मग बाकीचं. मुलगी झाली, आज सकाळी उजाडल्यावर. विमलाबाई दुपारी इथूनच डोंबिवलीला निघाल्या आहेत म्हणून पत्र त्यांच्या हाती देते. त्या गाडीत कुणाला बातमी सांगत बसल्या नाहीत तर तुला वेळेवर मिळेल.

तू उद्या येशीलच, पण काही गोष्टी तुझ्या तोंडावर मला सांगता येणार नाहीत, म्हणून लिहिते.

हे दोन महिने सोपे गेले नाहीत. ती खरंच ताट हुंगायची. पहिल्या आठवड्यात मी एकदा तुपाची पळी आमटीवर नेली होती, तुला खरं सांगते. ती न्हाणीघरात होती, कुणी बघत नव्हतं. मग मी पळी परत ठेवली आणि तेलाची फोडणी दिली. ती जेवायला बसली तेव्हा मीच तिला ते सांगून टाकलं. तिनं आमटी दोनदा मागून घेतली. पण त्यानंतरही हुंगायची थांबली नाही.

आजचं सांगते. मुलगी झाली आणि रडली नाही. नर्सबाईंनी तिला उलटी धरली, तळव्यांवर टिचक्या मारल्या, पाठ चोळली. काही नाही. रंग काळानिळा. वासंतीनं मान उचलली आणि म्हणाली, "वन्सं, काय झालं? आवाज का नाही?"

प्रभाकर, माझ्या तोंडात शब्द तयार होते. "अगं काही नाही, पुसतायत तिला, तू पडून राहा." आयुष्यभर मी हेच म्हणत आले. नर्सबाई मला डोळ्यांनी खुणावत होत्या, सांगू नका. पोर जाणार असंच त्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं.

मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "मुलगी आहे. रडत नाही. श्वास घेत नाही. बाई प्रयत्न करतायत, पण अजून नाही."

मला वाटलं ती किंचाळेल. ती किंचाळली नाही. म्हणाली, "इकडे द्या." नर्सबाई नको नको म्हणत होत्या. मी पोर घेतलं आणि तसंच, ओलंचिंब, तिच्या छातीवर ठेवलं. बाईंनी तिथंच पाठ चोळायला घेतली. वासंती तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती, मला ऐकू आलं नाही आणि मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. मी माझा हात काढून घेतला नाही एवढंच. किती वेळ गेला ते ठाऊक नाही. मग पोरगी शिंकली, आणि मग असा टाहो फोडला की बाहेर यांच्या हातातली पेटलेली विडी खाली पडली.

नंतर सगळं आवरल्यावर वासंतीनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, "तुम्ही सांगितलंत." मी म्हटलं, "तुझी अट होती." त्यावर ती म्हणाली, "आता मी झोपते. हिला तुम्ही घ्या."

वर्षभर ती माझ्या घरात, माझ्या पत्रांत, माझ्या हातच्या प्रत्येक वाटीत काहीतरी शोधत होती. आज पोर माझ्याकडे देऊन तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि लगेच गाढ झोपली. मी खिडकी उघडी ठेवली आहे. तुझी मुलगी माझ्या मांडीवर आहे आणि मला तिला खाली ठेववत नाही, म्हणून अक्षर असं वाकडं आलंय.

तुझी
ताई